पाठ झाले, पण उमजले का?

पाणिनीय शिक्षेत सहा अधम पाठक सांगितले आहेत. गाणे म्हटल्यासारखा सूर लावून वाचणारा, घाईघाईने वाचणारा, मान हलवीत वाचणारा, पाठ नसल्यामुळे लिहिलेले पाहूनच वाचणारा, अर्थ न जाणता वाचणारा आणि घशातल्या घशात बारीक आवाजाने वाचणारा, असे ते सहा. यांपैकी पाच जणांचा दोष समोर बसलेल्या कोणासही कळतो. घाई कानाला कळते, मान हलते ती डोळ्याला दिसते, आवाज बारीक असला तर मागचा श्रोता ओरडून सांगतो. परंतु पाचवा जो अनर्थज्ञ, म्हणजे अर्थ न जाणणारा, त्याचा दोष कानालाही कळत नाही आणि डोळ्यालाही दिसत नाही. त्याचा स्वर शुद्ध असतो, गती बेताची असते, पाठ चोख असतो. ऐकणारे 'वाहवा' म्हणतात, आणि आत पाहावे तो काहीच नाही! म्हणून सहा जणांत हा एकच असा आहे की ज्याला शोधून काढावा लागतो. त्याला शोधावे कसे आणि सापडल्यावर त्याला शहाणे करावे कसे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या मासिकाचे वाचक बहुतेक कीर्तनकार, प्रवचनकार, विणेकरी, पारायणास बसणारी मंडळी. आणि त्यांत शाळामास्तरही पुष्कळ आहेत. आपल्या नाशिक जिल्ह्यात ज्या गावी हरिनाम सप्ताह होत नाही असे गाव विरळा. सप्ताहात पोरे हरिपाठ म्हणतात, पखवाजावर साथ करतात, काही तर बारा-चौदाव्या वर्षी कीर्तनालाही उभी राहतात. ते पाहून आनंद होतो. पण त्याच पोराला मंडपाबाहेर गाठून 'बाळ, आता म्हटलेस त्याचा अर्थ काय रे?' असे विचारावे, म्हणजे तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागतो.

हा प्रकार केवळ आपल्या मंडपातच आहे असे नाही. ग्रामीण भागातील मुलांस कितपत वाचता येते याची पाहणी 'असर' या नावाने २००५ सालापासून होत आलेली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे आपल्या देशाच्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता येणारी मुले शेकडा ४८.८ एवढीच आहेत. आणि लक्षात घ्या, ही परीक्षा मजकूर नीट वाचून दाखविता येतो की नाही एवढीच आहे. जी मुले त्या परीक्षेत उतरली, त्यांतही आमचा हा पाचवा पाठक दडलेला असणारच. तो कोणत्या आकड्यात धरणार?

पाठांतरास दोष देऊ नये

अलीकडे या विषयाची चर्चा निघाली की सगळा राग पाठांतरावर काढण्याची रीत पडली आहे. 'घोकंपट्टी बंद करा' असे म्हटले की काम झाले, असे पुष्कळांस वाटते. आम्हांस ते पटत नाही. आमचे सगळे शिक्षण आधी पाठ आणि मग अर्थ याच क्रमाने झाले. शब्दरूपे, धातुरूपे, अमरकोश ही आधी मुखोद्गत झाली म्हणूनच पुढे वाक्य लावताना ती हाताशी सापडली. घरात धान्यच नसेल तर दळायचे काय? पाठांतर हे कणगीतले धान्य आहे. ते भरून ठेवण्यात चूक नाही. चूक आहे ती भरलेली कणगी दाखवून 'आमचे जेवण झाले' असे म्हणण्यात.

येथे कोणी अशी शंका घेईल की, अर्थ न कळताही घेतलेले नाम फळ देते, असे संत सांगतात. मग अर्थाचा एवढा आग्रह कशाला? शंका योग्य आहे. तिचे उत्तर असे की, नाम आणि अभ्यास यांची गल्लत करू नये. नामाला अधिकार लागत नाही. म्हातारीने माळ ओढावी, तान्ह्याने बोबडे 'विठ्ठल' म्हणावे, सर्व देवाला पावते. पारायणासही आपले स्थान आहे. परंतु जो ग्रंथ हाती घेऊन दुसऱ्यास सांगावयास उभा राहतो, त्याने स्वतः न उमजता सांगणे म्हणजे आंधळ्याने आंधळ्यास घाट उतरविणे होय. नाम घेणाराच्या अज्ञानाने कोणाचे नुकसान होत नाही, पण सांगणाराच्या अज्ञानाने सबंध मंडपाचे होते.

नुकसान ग्रंथाचेही होते, आणि याला आपल्या संप्रदायाचा इतिहासच साक्ष आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये नेवाशास ज्ञानेश्वरी सांगून झाली. सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे हातोहात नकला होत गेल्या. नक्कल करणारे हात शेकडो, पण समजून नक्कल करणारे किती? न समजलेला शब्द जवळच्या ओळखीच्या शब्दासारखा लिहावा, ही अनर्थज्ञाची सवयच असते. अशा रीतीने अपपाठ इतके वाढले की शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये नाथमहाराजांस ती प्रत शुद्ध करावी लागली. तीनशे वर्षांपेक्षा कमी काळात माउलीच्या वाणीवर एवढी धूळ बसली, ती कोणी शत्रूने टाकली नव्हती. आदराने, पण न समजता वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनीच ती टाकली होती.

अर्थाचेही पाठांतर

मग यावर उपाय काय? पहिला सुचणारा उपाय असा की, अर्थ सांगून टाकावा. शाळेत मास्तर फळ्यावर शब्दार्थ लिहून देतात, बाजारात मार्गदर्शिका मिळतात आणि आपल्याकडे सार्थ ग्रंथ आहेत. साखरेमहाराजांची सार्थ ज्ञानेश्वरी आहे, सोनोपंत दांडेकरांची आहे. या ग्रंथांचे उपकार फार मोठे. पण चालणाऱ्याला ठेच लागेल तेथे हात द्यावा म्हणून ते झाले आहेत. ज्याने चालायचेच नाही त्याला उचलून नेण्यासाठी ते नाहीत. आजचा विद्यार्थी करतो काय? ओवी पाठ करतो आणि खालचा अर्थही पाठ करतो. पूर्वी एक पाठांतर होते, आता दोन झाली!

आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी पसायदानावरून तपासतो. कारण ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटच्या या नऊ ओव्या अनेक शाळांत रोज म्हटल्या जातात आणि आपल्या कीर्तनाच्या, सप्ताहाच्या शेवटीही म्हणतात. मराठी मुलाला दुसरे काही पाठ नसले तरी हे पाठ असते. एका मुलाशी झालेले संभाषण नमुन्यादाखल देतो.

'व्यंकटी म्हणजे काय?'

'वाकडेपणा, महाराज.'

'शाबास. कोणाचा वाकडेपणा?'

'खळांचा.'

'खळ म्हणजे कोण रे?'

मुलगा थांबला. मग हळूच म्हणाला, 'कपड्याला लावतात ती.'

बाकीची पोरे हसली. आम्ही त्यांना गप्प केले, कारण हसणाऱ्यांतही खळ म्हणजे दुष्ट हे ठाऊक असणारे दोघेच निघाले. आता पाहा, 'व्यंकटी म्हणजे वाकडेपणा' हे उत्तर अगदी बरोबर होते. एवढ्यावर थांबलो असतो तर मुलगा पहिल्या नंबरात पास! प्रत्येक पदाचा अर्थ पुस्तकात असतो, पण वाक्याचा अर्थ मनात जुळावा लागतो. तो दुसऱ्याने जुळवून दिला तर मुलगा तोही शब्द म्हणूनच साठवितो.

आणि 'समजले का?' या प्रश्नावर तर मुळीच विसंबू नये. आजवर कोणत्याही वर्गाने या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर दिलेले आम्ही ऐकले नाही.

जुन्या पंडितांची पंचसूत्री

आपल्या शास्त्रपरंपरेत व्याख्यानाची पाच अंगे मानली आहेत : पदच्छेद, पदार्थोक्ति, विग्रह, वाक्ययोजना आणि आक्षेपाचे समाधान. पुष्कळांची अशी समजूत आहे की ही पंडितांनी ग्रंथावर टीका लिहिण्याची रीत आहे. आमच्या मते ही वाचावयास शिकविण्याचीच रीत आहे. मात्र पाचही अंगे गुरूने करून दाखवायची नसून विद्यार्थ्याकडून करवून घ्यायची आहेत. पसायदानावरच ती लावून पाहू.

पहिला पदच्छेद. जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहीत, मध्ये जागा सोडीत नसत. त्यामुळे कोठे तोडावे हे वाचणारास ठरवावे लागे, आणि तोडता तोडता विचार करावाच लागे. छापील पुस्तकाने ते श्रम वाचविले आणि विचारही वाचविला! म्हणून आम्ही कधी कधी एक ओवी फळ्यावर सलग लिहून मुलांस तोडावयास सांगतो. ज्याला कळत नाही तो कोठेही तोडतो, आणि आपला पाचवा पाठक येथेच पहिल्यांदा हाती लागतो.

दुसरी पदार्थोक्ति, म्हणजे पदाचा अर्थ सांगणे. येथे कठीण शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक फसवितात, हे शिक्षकाने पक्के ध्यानात धरावे. 'मांदियाळी' हा शब्द मुलाला अडतो. अडला म्हणजे तो विचारतो, आणि समुदाय हा अर्थ त्याला मिळतो. पण 'वर्षत' हा शब्द अडत नाही. त्याला वाटते, वर्ष म्हणजे बारा महिने. तेथे मात्र वर्षाव करणे असा अर्थ आहे. 'दुरित' म्हणजे पाप. मुलाला वाटते, दूर असलेले काहीतरी. 'पसाय' हा प्रसाद शब्दाचाच प्राकृत वेश आहे. मुलाला वाटते, पसाभर दान. आणि 'भूत' या शब्दाची तर मजाच आहे. माउली सर्व भूतांची, म्हणजे प्राणिमात्रांची, एकमेकांशी मैत्री जुळावी असे मागतात. लहान मुले मात्र पिंपळावरची भुते गळ्यात गळे घालून बसलेली पाहतात! हसू येते खरे. पण रोज प्रार्थना म्हणणाऱ्या मुलाच्या मनात इतकी वर्षे हे चित्र असावे आणि कोणी विचारूही नये, ही हसण्यासारखी गोष्ट नाही.

तिसरा विग्रह, म्हणजे समासाची फोड. आठव्या ओवीत 'ग्रंथोपजीवी' हे पद आले आहे. ग्रंथ आणि उपजीवी. उपजीविका हा शब्द ओळखीचा असल्यामुळे मुले सांगतात, 'ग्रंथावर पोट भरणारे.' आमच्यासारख्या कीर्तनकारांस हा अर्थ थोडा टोचतोही! अन्नावर जसा देह जगतो तसे ग्रंथावर ज्यांचे जगणे चालते, ते ग्रंथोपजीवी, असा तेथे भाव आहे. हे आपण सांगू नये. 'माउलींनी पोटभरूंसाठी एवढे मोठे मागणे मागितले असेल का?' एवढेच विचारावे. मुले आपोआप दुसरा अर्थ शोधू लागतात.

चौथी वाक्ययोजना. हे सर्वांत मोठे अंग आहे. संस्कृत शिकविताना खंडान्वय नावाची पद्धत असते. आधी वाक्यातील क्रियापद शोधावयाचे आणि मग त्याला प्रश्न विचारीत जावयाचे : कोण? कोणाला? कोठे? केव्हा? कसा? प्रत्येक उत्तर त्याच वाक्यातून द्यावयाचे, बाहेरून काही घालावयाचे नाही. चौथी ओवी घ्या. मुलांस विचारा, 'यात क्रिया कोणती?' थोडे चाचपडून कोणीतरी 'भेटणे' असे सांगतो. कोणी भेटावे? ईश्वरनिष्ठांच्या मांदियाळीने. कोणाला? भूतांना, म्हणजे सर्व जीवांना. कोठे? भूमंडळी, पृथ्वीवर. केव्हा? अनवरत, म्हणजे खंड न पडता. भेटताना काय करीत? सर्व मंगलाचा वर्षाव करीत. झाले! पाच प्रश्नांत ओवी उलगडली आणि अर्थ सांगावा लागलाच नाही. जे मूल मघाशी टकमक पाहत होते, तेच आता म्हणते, 'म्हणजे महाराज, चांगली माणसे सगळ्यांना नेहमी भेटत राहावीत, असे ना?' होय रे बाबा, असेच!

वाक्ययोजनेतच सर्वनामाचा शोध येतो. दुसऱ्या ओवीत 'त्यांची' सत्कर्माची आवड वाढावी असे मागणे आहे. 'त्यांची' म्हणजे कोणाची? दहातील आठ मुले सांगतात, 'आमची' किंवा 'सज्जनांची'. मागच्या पदाकडे बोट दाखवा, म्हणजे ध्यानात येते की हे मागणे खळांसाठीच आहे. नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ सांगून झाल्यावर माउली देवाकडे पहिले मागणे मागतात ते दुष्टांसाठी! केवढी ही गोष्ट! एक सर्वनाम कोणाकडे जाते हे न पाहिल्यामुळे रोज पसायदान म्हणणाऱ्यांच्या हातून ती निसटते.

नवव्या ओवीत बोलणारा बदलतो, तेही असेच. आतापर्यंत मागणारे बोलत होते. येथे देणारे बोलतात, आणि हे दान मिळेल असा वर देतात. हे देणारे कोण? त्या पदाने अनेक प्रवचनकार सद्गुरु श्रीनिवृत्तिनाथ घेतात. मग मुलांस विचारावे, 'पदाचा सरळ अर्थ तर विश्वाचा ईश्वर असा आहे. मग निवृत्तिनाथ कशावरून?' आपल्या उशाला त्र्यंबकेश्वरी ज्यांची समाधी आहे त्यांचे नाव या प्रश्नात येताच आमच्या इकडची मुले सावरून बसतात. कोणी म्हणतो, गुरु हाच देव म्हणून. कोणी म्हणतो, ग्रंथ सांगताना तेच समोर बसले होते म्हणून. दोघांनी आपल्या म्हणण्याला आधार दिला एवढे आम्हांस पुरे आहे.

पाचवे अंग आक्षेप आणि त्याचे समाधान. येथे विद्यार्थी खरा कळतो. तिसऱ्या ओवीत ज्याला जे हवे असेल ते त्याला मिळो, असे मागणे आहे. एकदा एका मुलीने विचारले, 'महाराज, चोराला चोरी हवी असेल तर तीही मिळायची का?' वर्गात शांतता पसरली. आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत चांगला पाठ तिने दिला. आम्ही उत्तर दिले नाही. 'मागची ओवी आणि हिचाच पहिला भाग पुन्हा वाचा, क्रम पाहा,' एवढेच सांगितले. मुलांनीच शोधले : आधी खळांचा वाकडेपणा जातो, मग सत्कर्माची आवड वाढते, मग परस्परांत मैत्री जुळते, मग पापाचा अंधार सरतो, मग सगळे विश्व स्वधर्माच्या सूर्याच्या उजेडात पाहू लागते आणि त्यानंतर हवे ते मिळण्याचे मागणे येते. वाकडेपणा आधीच गेला आहे, आता चोरी हवी म्हणणारा उरलाच कोठे? माउलींनी मागण्यांची जी रांग लावली तिच्यातच उत्तर आहे. आक्षेप घेतला नसता तर क्रमाकडे कोणाचे लक्षही गेले नसते.

आपल्या बोलीत सांगता आले म्हणजे समजले

पाच अंगे झाली तरी एक कसोटी राहते. विद्यार्थ्याला तीच गोष्ट पुस्तकातील शब्द न वापरता, आपल्या घरच्या बोलीत, आपल्या व्यवहारातील दाखल्याने सांगता आली पाहिजे. निफाड तालुक्यातून आमच्याकडे येणाऱ्या एका द्राक्षबागाईतदाराच्या मुलाला आम्ही म्हटले, 'खळ जावेत असे न मागता खळांचा वाकडेपणा जावा असे का मागितले, ते तुझ्या भाषेत सांग.' पोरगा जरा विचार करून म्हणाला, 'आमी भुरीवर औषिद मारतो, वेलीवर नाय मारत. भुरी जाया पायजे, वेल जगाया पायजे.' आता याला अर्थ समजला हे सांगावयास कोणा परीक्षकाची गरज आहे काय? कोणत्याही सार्थ ग्रंथात हा दाखला सापडावयाचा नाही, म्हणून तो पाठ केलेला असणे शक्य नाही.

अशा मुलाच्या ग्रामीण उच्चाराला हसू नये, आणि त्या घडीला शुद्धलेखनाची काठीही उगारू नये. विचार करून बोललेले अशुद्ध वाक्य आधी स्वीकारावे. शुद्ध करणे मागाहून होते.

हीच रीत संसारातही उपयोगी पडते. त्याच बागेत फवारणीच्या औषधाचा डबा येतो. घरातील शिकलेला मुलगा वरचा कागद घडघडा वाचून दाखवितो. पण 'काढणीपूर्व कालावधी' म्हणजे कशापासून कशापर्यंतचे दिवस? शेवटच्या फवारणीपासून घड तोडण्यापर्यंतचे. हे खंडान्वयाचेच प्रश्न झाले. डब्यावरील चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल सर्वांत जहाल, त्याहून उतरता पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. 'हिरवा म्हणजे निर्धोक' असा अर्थ जो घेतो, तो ओळखीच्या शब्दासारखा ओळखीच्या रंगाने फसतो. कारण हिरव्या खुणेचे औषधही विषच आहे. बँकेचा करार, दवाखान्यातील संमतिपत्र, सातबाऱ्यावरील नोंद, सगळीकडे हेच आहे. अंगठा उठविणारा निदान 'वाचून दाखवा' असे म्हणत असे. न समजता सही करणारा तेही म्हणत नाही.

१९१७ साल

आपली ही जुनी रीत आजच्या शास्त्राला कितपत मान्य आहे, असे कोणी विचारील. योगायोग असा की, वै. विष्णुबुवा जोगमहाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापिली ती १९१७ साली. आणि त्याच साली अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने परिच्छेद वाचताना मुले कोणत्या चुका करतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की, वाचणे म्हणजे तर्क चालविणेच होय. वाक्यातील एखादाच शब्द मुलाच्या मनात फाजील जोर धरतो, बाकीचे शब्द दुबळे पडतात, आणि अर्थ वाकडा जातो. आमच्या 'भूत' आणि 'खळ' या शब्दांनी केले ते हेच! पुढे १९८४ साली तेथीलच पॅलिन्सर आणि ब्राउन या दोन विदुषींनी एक पद्धत मांडली. मुलांनी पाळीपाळीने गुरुजी व्हावे, वाचलेल्यावर स्वतः प्रश्न काढावेत, अडलेले उकलावे, थोडक्यात सार सांगावे आणि पुढे काय येईल याचा अंदाज करावा. वाचून समजण्यात मागे पडलेली मुले या रीतीने सुधारली, असे त्यांना आढळले.

पण आपल्याला त्याहून जवळचा दाखला आहे. गीता चालते कशावर? अर्जुनाच्या प्रश्नांवर. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो स्वच्छ सांगतो की, तुझ्या बोलण्याने माझी बुद्धी गोंधळली, एक काय ते निश्चित सांग. साक्षात भगवंताला 'समजले नाही' असे म्हणण्याची त्याला लाज वाटली नाही आणि भगवंतांना राग आला नाही. अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात की याचा सगळा विचार कर आणि मग इच्छेस येईल तसे कर. आणि अगदी शेवटी विचारतात, तू हे एकाग्र चित्ताने ऐकलेस ना, तुझा मोह गेला ना? उत्तर म्हणून अर्जुन भगवंतांची वाक्ये परत म्हणून दाखवीत नाही. आपला मोह गेला, आपला संशय फिटला आणि आपण आता काय करणार, हे तो आपल्या शब्दांत सांगतो. परीक्षा कशी घ्यावी आणि कशी द्यावी, याचा एवढा चांगला नमुना दुसरा कोणता?

करावे काय?

तेव्हा आमची शिक्षकांस, सप्ताहाच्या चालकांस आणि दिंडीप्रमुखांस एवढीच विनंती आहे. रोज एकच ओवी किंवा एकच अभंग घ्यावा. आधी तो चोख पाठ करवून घ्यावा. मग खालचा अर्थ हाताने झाकून क्रियापद शोधावयास लावावे आणि कोण, कोणाला, कोठे, केव्हा, कसे हे प्रश्न मुलांकडूनच विचारवावेत. ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची एक वही करावी. एका तरी मुलाने आक्षेप घेतल्याशिवाय ओवी सोडू नये. कोणीच घेतला नाही तर शिक्षकाने स्वतः घ्यावा आणि उत्तर मुलांवर सोपवावे. शेवटी एकाने ती ओवी आपल्या बोलीत सांगावी, आणि मग झाकलेला अर्थ उघडून ताडून पाहावा. जो 'समजले नाही' म्हणेल त्याला सर्वांदेखत शाबासकी द्यावी. पाचव्या पाठकाला बाहेर काढण्याचा याहून चांगला मार्ग नाही, कारण तो हसण्याच्या भयानेच लपलेला असतो.

याने ग्रंथ संपावयास वेळ लागेल हे खरे. नऊ ओव्यांस नऊ दिवस लागतील. पण नऊ दिवसांत ज्याला वाक्य कसे सोडवावे हे कळले, त्याला दहाव्या दिवशी कोणताही ग्रंथ, कोणतेही पुस्तक परके राहत नाही. आपल्या नाशिकातच १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तेथील विद्यार्थ्याचा मुख्य गुरु म्हणजे पुस्तक. पुस्तकाला प्रश्न विचारता येत नसेल, तर अशा विद्यार्थ्याने जावे कोणाकडे?

पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांच्या यात्रेला चोहोकडून दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. थंडीत पहाटे चालणारी पोरे विसाव्याला शेकोटीभोवती बसतात. त्या विसाव्यात मोबाइल पाहण्याऐवजी एक ओवी सोडवावी. ज्या सद्गुरूंच्या कृपेने हा ग्रंथ आपल्याला मिळाला त्यांच्या दाराशी जाताना हातात उमजलेली एक ओवी असावी, याहून चांगली भेट ती कोणती?

माउलींनी आठव्या ओवीत ग्रंथोपजीवींसाठी वेगळे मागणे मागितले आहे. ते मागणे आपल्यासाठी आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला यावा, एवढीच सद्गुरुचरणी प्रार्थना करून लेखणी ठेवतो.

रामकृष्णहरि!